आधी वेळापत्रक माग, मग पैशाचं बोलू

वाचकाचं पत्र: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. बी.कॉम. झाले, 61 टक्के आहेत. दोन हंगामांपासून जवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावरच्या नोंदी आणि हिशेब बघते. टॅली येतं, एक्सेल कामापुरतं. आम्ही ओबीसी, बाबांचं 5 एकर वावर. गेल्या महिन्यात एका खासगी बिझनेस स्कूलचा माणूस गावात येऊन गेला. पुस्तिकेत लिहिलंय, व्यवस्थापन, तंत्रज्ञान आणि उद्योग यांची सांगड, एआय, अ‍ॅनालिटिक्स, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. दोन वर्षांची फी 7 लाख 80 हजार, होस्टेल वेगळं. सीईटीची गरज नाही म्हणतात. दसऱ्याच्या आत 25 हजार भरले तर 50 हजार सूट. बाबा एक एकर विकायला निघाले. दादा म्हणतो, एमबीए करून परत जिनिंगमध्येच बसशील. काय करू?"

25 हजार भरू नको आणि वावराला हात लावू देऊ नको. एवढं बाबांना आजच सांग, बाकीचं सावकाश वाच.

त्या माणसाच्या बोलण्यात सगळ्यात महाग वाक्य आहे 'सीईटीची गरज नाही'. महाराष्ट्रात विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या एमबीएच्या बहुतेक जागा राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेवर आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. त्या महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. सीईटी नको म्हणणारी संस्था बहुधा खासगी विद्यापीठ असते, किंवा ती एमबीए पदवी न देता पीजीडीएम ही पदविका देते, किंवा ती संस्थास्तरावरची, म्हणजे व्यवस्थापन कोट्यातली जागा विकत असते. पीजीडीएम वाईट नसतं, पण त्यालाही कॅट, झॅट, सीमॅट, मॅट अशा एखाद्या परीक्षेचे गुण लागतात. तेव्हा त्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचार, 'पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि प्रवेश कॅपमधून की बाहेरून?' उत्तर कागदावर माग.

हे इतकं ताणून का सांगतोय, तर तुझ्या बाबतीत कॅपच्या आत आणि बाहेर यात लाखांचा फरक आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. मुख्य अट ही की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे ज्या फीसाठी बाबा एकर विकताहेत, तिचा मोठा भाग सरळ रस्त्याने गेलीस तर भरावाच लागत नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं आणि महाविद्यालयाची इतर शुल्कं उरतील. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी ओबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचीही चौकशी यवतमाळला इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात करून ठेव.

पण कागद अडले तर यातलं काहीच मिळत नाही, आणि कागद अडतात ते नेमके जून-जुलैत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, प्रवेशाच्या वर्षात चालणारं नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास असे पाच कागद लागतात. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा मागतात, तेव्हा आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा आत्ताच शोधायला लाग. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, असं आपल्याकडे घरोघरी असतं, आणि जात पडताळणी समितीचं पहिलं बोट तिथेच पडतं. वैधता वेळेत नसेल तर तुझी उमेदवारी खुल्या वर्गात जाते आणि ओबीसी म्हणून मिळणारी सवलतही हातची जाते. दुसरी अडचण बँकेची. महाडीबीटी या सवलती-शिष्यवृत्त्यांच्या शासकीय पोर्टलवरून मिळणारे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. खातं चालू आहे पण आधार जोडलेलं नाही, म्हणून रक्कम परत जाते. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का' एवढं विचारून ये. आणि अर्ज दुसऱ्या वर्षीही करावा लागतो, पहिल्या वर्षी केला म्हणून आपोआप चालू राहत नाही.

परीक्षेची भीती मात्र काढून टाक. एमबीएच्या सीईटीला 200 प्रश्न आणि 150 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. 75 प्रश्न तर्काचे, 25 आकृत्यांचे, 50 गणिताचे, 50 इंग्रजीचे. बघ, निम्मा पेपर तर्क आणि आकृत्यांचा आहे, आणि तो सरावाने सुटतो. गणित टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा यांच्याभोवती फिरतं, जे तू काट्यावर रोज करतेस. खरी अडचण वेगळीच आहे. जिनिंगचा जोर दिवाळीनंतर चढतो तो फेब्रुवारीपर्यंत, आणि परीक्षा साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येते. जानेवारीत रात्री दहाला घरी येऊन अभ्यास होत नाही. म्हणून आत्ता, आवक सुरू व्हायच्या आधी, रोज दीड तास दे आणि सूत्रं संपव. हंगामात फक्त रविवारी एक पूर्ण सराव पेपर, घड्याळ लावून.

आता 'सांगड'.

व्यवस्थापन शिक्षणात तंत्रज्ञान आणि उद्योग खरंच मिसळले आहेत का, हे इमारतीवरून कळत नाही, वेळापत्रकावरून कळतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राचं चालू वेळापत्रक माग. त्यात संगणक प्रयोगशाळेचे तास किती, ते बघ. आठवड्याला निदान चार तास विद्यार्थ्याने स्वतः हाताने काम करायला हवं. पडद्यावर सरांनी करून दाखवलेलं यात धरायचं नाही. विषयाचं नाव 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' असतं आणि परीक्षेत 'अ‍ॅनालिटिक्सचे प्रकार सांगा' असा पाच गुणांचा प्रश्न असतो, हे फार ठिकाणी चालतं. म्हणून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि एक गृहपाठ बघायला माग. गृहपाठात घाणेरडी, अर्धवट नोंदींची फाइल दिली असेल आणि ती साफ करून निर्णय सुचवायला सांगितला असेल, तर तिथे काहीतरी शिकवतात.

ईआरपीचंही, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. पुस्तिकेत 'ईआरपी लॅब' असेल तर विचार, खरेदीच्या ऑर्डरपासून माल आत येणं, बिल लागणं आणि पैसे सुटणं हा एक पूर्ण फेरा विद्यार्थी स्वतः करतो का? तू हा फेरा ओळखतेस. काटापट्टी, आवक, पट्टी, पेमेंट. सॉफ्टवेअरमध्ये एक टप्पा चुकला की पुढचा उघडत नाही, आणि तो का उघडत नाही हे शोधताना माणूस व्यवसाय शिकतो. नुसता परवाना विकत घेऊन कुलूपबंद ठेवलेली लॅब काही कामाची नाही.

एआयबद्दल थोडक्यात. आज अहवाल मशीन लिहून देतं, त्यामुळे अहवाल चांगला दिसणं याला किंमत उरलेली नाही. संस्थेत प्रकल्पाची तोंडी परीक्षा होते का, आणि ती कोण घेतं, हे विचार. बाहेरच्या उद्योगातला माणूस समोर बसून 'हा आकडा कुठून आला?' असं विचारत असेल तर ते शिक्षण. तोंडी परीक्षा नसेल तर एआय शिकवतात की एआयकडून लिहून घेतात, हे तूच ठरव.

उद्योगाशी नातं मोजायची जागा म्हणजे उन्हाळी इंटर्नशिप. एमबीएत ती दुसऱ्या सत्रानंतर, साधारण दोन महिन्यांची असते. मागच्या तुकडीतल्या प्रत्येकाने कुठे, कोणाच्या हाताखाली, काय काम केलं, याची यादी माग. नावं झाकून दिली तरी चालेल, काम मात्र दिसायला हवं. यादीत 'ग्राहक समाधान सर्वेक्षण, 100 प्रश्नावल्या' असं पाचपन्नास वेळा दिसलं, किंवा डिमॅट खाती उघडणं आणि क्रेडिट कार्ड विकणं दिसलं, तर ती इंटर्नशिप नाही, फुकटची विक्री आहे. चांगलं काम ओळखू येतं. बुटीबोरीच्या कारखान्यात सुट्या भागांचा साठा किती दिवसांचा ठेवावा, अकोल्याच्या डाळमिलमध्ये तुरीच्या कोणत्या मालाला उतारा कमी येतो, म्हणजे डाळ कमी निघते, गोंदियाच्या राईस मिलला ट्रक किती तास थांबतात. असे दोन अहवाल वाचायला माग. 'गोपनीय आहेत' म्हणाले तर एक गोपनीय असेल, सगळे नसतात.

उद्योगातली माणसं शिकवायला येतात, असंही ते सांगतील. पाहुणा दीड तास बोलून, शाल-श्रीफळ घेऊन जातो, त्याचा फोटो पुस्तिकेत येतो. ते सोड. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली, म्हणजे पीएच.डी. नसलेला पण क्षेत्रात मुरलेला माणूसही नेमता येतो. तर विचार, असा कोणी पूर्ण विषय शिकवतो का, आणि त्या विषयाचे गुण तोच देतो का?

प्लेसमेंटच्या आकड्यात तर फारच गंमत असते. 'असिस्टन्स' म्हणजे मदत, नोकरी नव्हे, हे तुलाही कळलं असेल. समजा 60 विद्यार्थ्यांची तुकडी. त्यातल्या 12 जणांनी नोंदणी केली नाही किंवा त्यांना करू दिली नाही. उरलेल्या 48 पैकी 40 जणांना नोकरी लागली. संस्था म्हणते 83 टक्के. साठावर काढलं तर 67 टक्के. म्हणून 'तुकडीत किती, नोंदणी किती, लागले किती' असे तीन आकडे वेगवेगळे घे. सर्वोच्च पगार विचारूच नको, मध्यक विचार, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा मध्यक पगार आणि नोकरी लागलेल्यांची संख्या जाहीर करावी लागते, ती माहिती तुला फुकट बघता येते. एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं मंजुरीपत्रही बघ, त्यात अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि मंजूर जागा असतात. पुस्तिकेत 'एमबीए इन एआय' आणि मंजुरीपत्रात साधं 'एमबीए' असेल तर पदवीवर मंजुरीपत्रातलंच नाव येणार.

पगाराचा हिशेब बाबांसमोर मांड. 6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना 50 हजार नव्हे. त्यात समजा 1 लाख 20 हजार कामगिरीवर अवलंबून. उरलेल्या महिना 40 हजारांतून पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर गेले की हातात 35 हजारांच्या आसपास येतात. आता फी आणि राहणं मिळून 10 लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के, असं धर. शिकतानाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं आणि रक्कम साडेबारा लाखांच्या वर जाते. मग दहा वर्षांसाठी हप्ता साधारण 17 हजार. हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा. नागपूर किंवा पुण्यात उरलेल्या 18 हजारांत खोली, जेवण, जाणं-येणं.

कॅपमधून गेलीस तरी थोडं कर्ज लागेलच. तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेतून आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेखाली घे. तिथे 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्राच्या हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय मिळू शकतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर नॅक किंवा एनबीए मानांकन असलेल्या संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिकण्याच्या काळातलं आणि पुढच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. बिगर-बँक वित्त कंपनीकडून कर्ज घेतलंस तर ही व्याजमाफी नाही, आणि बिझनेस स्कूलच्या टेबलावर बसलेले कर्जवाले बहुधा तेच असतात. शेतजमीन जप्त करून विकणं बँकांना कायद्याने सोपं नाही, म्हणून त्या शैक्षणिक कर्जाला वावर तारण घ्यायला नाखूश असतात. 'विकून टाका' हा सल्ला गावात फिरतो तो त्यातूनच.

आता दादाचं म्हणणं. तो चिडवतोय, पण त्याने नकळत बरोबर जागेवर बोट ठेवलंय. ज्या सांगडीसाठी लोक लाखो रुपये मोजतात, तिचा अर्धा भाग तुझ्या काट्यावर फुकट आहे. नोंदी तूच ठेवतेस. या हंगामात त्यांचं काहीतरी कर.

एक शीट उघड. तारीख, वेळ, ढीग क्रमांक, गावाचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, ओलावा, भाव, आणि ढीग संपल्यावर निघालेली रुई, सरकी, तूट. इथे बहुतेक जण चुकतात ते असं की प्रत्येक गाडीचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून किती रुई निघाली ते, काढायला जातात. तो निघत नाही, कारण दहा गाड्यांचा कापूस एका ढिगात पडतो आणि मशीनवर मिसळूनच जातो. म्हणून हिशेब ढिगाचा कर. ओलाव्याबरोबर वेळ लिहायला विसरू नको, सकाळी दव असताना लावलेला मीटर आणि दुपारी दोनचा मीटर एकाच कापसाला वेगळं सांगतात. सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदी 8 टक्के ओलाव्याच्या पायावर चालते आणि 12 च्या वर घेत नाहीत, तेव्हा हा आकडा किती पैशांचा आहे हे तुला माहीतच आहे. गावाचं नाव एकाच पद्धतीने लिही. एक गाव तीन तऱ्हांनी लिहिलं की संगणकाला ती तीन गावं वाटतात, आणि निम्मा वेळ ते निस्तरण्यात जातो. शेठना आधी विचार, आणि शेतकऱ्यांची व व्यापाऱ्यांची नावं काढून क्रमांक टाक. भाव बाहेर गेले तर तुझी नोकरी जाईल, प्रकल्प राहूदे.

काय दिसेल? गाठ 170 किलोची, तिला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो, म्हणजे उतारा 34 टक्क्यांच्या आसपास. समजा एका ढिगाचा उतारा 34 आणि दुसऱ्याचा 33. शंभर क्विंटलवर 100 किलो रुईचा फरक. रुई किलोला 150 आणि सरकी 35 धरली, तर रुईऐवजी सरकी निघाल्याने 11,500 रुपये गेले. आता शोध, कमी उतारा कुठून आला? कवडी (खराब, डागी कापूस) जास्त होती, फरदड (हंगाम संपल्यावर राखलेल्या झाडांचा कापूस) आली होती, ओलावा सुकून तूट वाढली, की रोलर झिजला होता? चाळीस-पन्नास ढिगांच्या नोंदी झाल्या की काहीतरी बोलायला लागतील. नाही बोलल्या तर कोणता रकाना कमी पडला, हे कळेल, आणि तेही बरंच मोठं शिक्षण आहे.

ही शीट घेऊन संस्थेत जा. ज्या विषयाची सर्वांत जास्त जाहिरात आहे, त्या विषयाच्या शिक्षकांना दाखव आणि 'याचं पुढे काय करता येईल?' एवढंच विचार. जो शिक्षक आधी 'ओलावा कुठे आणि कधी मोजला?' असं विचारेल त्याच्याकडे शीक. जो लगेच रंगीत आलेखांचा डॅशबोर्ड दाखवेल त्याला चहा पिऊन नमस्कार कर. दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीतही हीच शीट उपयोगी पडेल, म्हणून तीन मिनिटांत जिनिंग कसं चालतं हे इंग्रजीत सांगायचा सराव आतापासून कर. व्याकरणापेक्षा गाठ, रुई, सरकी, उतारा यांना इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ असू दे.

आणि परत जिनिंगमध्ये आलीस तरी बिघडत नाही, फक्त काट्यावर यायचं नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना व्यवस्थापक आणि हिशेबनीस लागतात. 2020 च्या केंद्रीय योजनेत अशा कंपनीला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, त्यातून हे पगार निघतात. चौथ्या वर्षी अनुदान थांबतं आणि कंपनीने स्वतःचा व्यवसाय उभा केला नसेल तर व्यवस्थापकाचा पगार पहिला बंद होतो. नोकरी घेताना कंपनीचं कितवं वर्ष चालू आहे ते विचार.

कुठे अर्ज करायचा? घराजवळ अमरावती विद्यापीठाचा एमबीए विभाग आहे, नागपूर विद्यापीठाचाही आहे, आणि दोन्ही विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयं आहेत. कॅपचा पसंतीक्रम भरताना आवडीची संस्था वर आणि सोयीची खाली ठेव. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरतात, नंतर बदलता येत नाही, तेव्हा जिथे खरंच जायचं तीच पहिली. आयआयएम नागपूर 2015 पासून आहे, मिहानमध्ये आता स्वतःच्या इमारतीत. तिथला रस्ता कॅटचा आहे. ती परीक्षा नोव्हेंबरअखेरीस होते आणि चुकीच्या पर्यायाला गुण कापतात, म्हणून सीईटीसारखं सगळं भरून चालत नाही. 61 टक्क्यांवर पात्रता आहे, पण या हंगामात दोन्ही परीक्षांची तयारी होणार नाही. सीईटी धर.

तो माणूस परत आला, आणि येईलच, तर घरात बसवून चार कागद माग. मंजुरीपत्र, चालू वेळापत्रक, मागच्या तुकडीची इंटर्नशिपची यादी, आणि फी व परताव्याचे नियम संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी. 'सूट दसऱ्यापर्यंतच' म्हणाला तर दसऱ्यानंतर ये म्हण. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र त्याच्या हातात देऊ नको. संस्थांनी ती तपासून परत करायची असतात, अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं म्हणणं आहे. टीसी मात्र खऱ्या प्रवेशाच्या वेळी जमा करावी लागते, आणि ती एकदा दिली की कॅपच्या वेळी परत मिळवायला चपला झिजतात. म्हणून तिच्या दोन-तीन प्रती काढून मूळ टीसी बाबांच्या पेटीत ठेव.